चामडी मुठीची क्यू

मधल्या सुट्टीत भाच्याचा फोन आला. “मामू, चामडं फार गुळगुळीत झालं असेल तर त्याला परत पकड कशी आणायची?” आम्हांला वाटलं, मोटारसायकलच्या सीटबद्दल विचारतोय. म्हटलं, कशाचं चामडं? तर म्हणाला, “अब्बांच्या क्यूचं.”

आम्ही थोडा वेळ गप्पच राहिलो. ती क्यू आपाच्या घरी कपाटामागे उभी आहे हे ठाऊक होतं. पण तिचं नाव त्या घरात वर्षभर कुणी काढलं नव्हतं.

वाचक भाऊ-बहिणींनो, या सदरात आजवर शिलाई मशीनचा पट्टा, कुकरची रिंग, पावसाळ्यात फुगणारी दारं असेच विषय आले. क्यू म्हणजे पूल, बिलियर्ड्स किंवा स्नूकर या टेबलावरच्या खेळांत चेंडू मारायची लांब काठी. हा विषय काहींना परका वाटेल, काहींना नकोसाही. नकोसं वाटण्याबद्दल पुढे बोलूच. पण चामड्याची मूठ असलेली एखादी तरी वस्तू बहुतेक घरांत असते, म्हणून इथे लिहायला हरकत नाही असं आम्ही ठरवलं.

आमचे दुल्हाभाई बावीस वर्षं कुवेतला होते. गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचे. कामगारांच्या कॅम्पमध्ये एका खोलीत पूलचं टेबल होतं. जुम्याची सुट्टी, नमाज झाली, जेवण झालं, घरी फोन झाला, की उरलेला दिवस काढायचा कसा हा तिथे प्रत्येकापुढचा प्रश्न. कोणी झोपायचं, कोणी पत्ते कुटायचं. दुल्हाभाई टेबलाकडे जायचे. शिकवणारे फिलिपिनो सहकारी होते. त्यांच्या देशात हा खेळ आपल्याकडच्या कॅरमसारखा गल्लीबोळांत चालतो. तिथल्या एफ्रेन रेयेस यांनी १९९९ साली नाइन-बॉल पूलचं जागतिक विजेतेपद मिळवलं. दुल्हाभाई सांगायचे, त्या माणसाचं नाव काढलं की कॅम्पमधल्या फिलिपिनो मंडळींच्या चेहऱ्यावर ईद दिसायची. त्यांतलाच एक जण कायमचा मायदेशी निघाला तेव्हा सामान हलकं करायला म्हणून त्याने आपली क्यू दुल्हाभाईंना विकली. पुढे दुल्हाभाईही परतले, तेव्हा ब्लँकेटं, अत्तर आणि दुधाच्या पावडरीच्या डब्यांबरोबर ती काळी लांबट पिशवीही आली. आपा तेव्हा म्हणाली होती, “बावीस वर्षांत हे शिकून आलात होय!”

गेल्या वर्षी शाबानमध्ये दुल्हाभाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू. अल्लाहच्या मेहेरबानीने पाय बराच सुधारला, काठी घेऊन मशिदीपर्यंत जातात. हात मात्र मागे राहिला. बोटं मिटतात, पण जोर नाही. चहाचा कप डाव्या हातात. फिजिओथेरपीच्या ताईंनी दाबायला रबरी चेंडू दिला होता; तो चार दिवस दाबला आणि पाचव्या दिवशी नातवाला खेळायला देऊन टाकला. मग ताई म्हणाल्या, हाताला त्याच्या ओळखीचं काहीतरी द्या. भाच्याने कपाटामागून क्यू काढली, दोन तुकडे जोडले आणि अब्बांच्या हातात दिली. दुल्हाभाईंनी मूठ धरून मागे ओढली, तशी क्यू बोटांतून सरकन निसटली आणि फरशीवर पडली. ते काही बोलले नाहीत. आतल्या खोलीत निघून गेले. त्या दिवसाचा तो फोन.

शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही आपाकडे गेलो आणि क्यू अंगणात उजेडाला घेतली. पूलची क्यू साधारण ५८ इंच लांब असते, वजन १८ ते २१ औंस, म्हणजे अर्ध्या किलोच्या थोडं वर. पुढचा निमुळता भाग बहुधा मेपल लाकडाचा. मागच्या जाड भागावर, खालच्या टोकापासून चार-पाच इंच सोडून, फूटभर जागेत मूठ गुंडाळलेली असते. ती कधी आयरिश लिननच्या दोऱ्याची, कधी रबराची, कधी चामड्याची. (स्नूकरच्या क्यूला बहुधा काहीच गुंडाळत नाहीत, नुसतं लाकूड.) चामडं बसवताना लाकडात त्याच्या जाडीएवढीच खाच काढतात. त्यामुळे बोट फिरवलं तर लाकूड कुठे संपलं ते कळत नाही. नीट पाहिलं तर लांबीच्या दिशेने एक बारीक जोड दिसतो. तो शिवलेला नसतो, चिकटवलेला असतो, हे ध्यानात ठेवा. आम्ही ठेवलं नाही, त्याचा किस्सा पुढे येतो.

चामडं का घसरतं? आम्ही नखाने हलकं खरवडलं तर नखाखाली निळसर, मेणासारखा मळ आला. त्यात हाताचं तेल होतं, वर्षानुवर्षांचा घाम होता आणि चॉक होता. क्यूच्या टोकाला लावायच्या निळ्या ठोकळ्याला चॉक म्हणतात, पण तो आमच्या फळ्यावरचा खडू नव्हे. शाळेचा खडू बहुतेक वेळा जिप्समचा असतो. या निळ्या ठोकळ्यात सिलिका आणि कुरुंदासारखी खरखरीत पूड असते. विल्यम स्पिंक्स या अमेरिकन खेळाडूने विल्यम हॉस्किन्स या रसायनतज्ज्ञाच्या मदतीने तो तयार केला आणि १८९७ साली त्याचं पेटंट घेतलं. क्यूच्या टोकावर ही पूड पकड देते. तीच हाताच्या तेलात कालवली जाऊन मुठीवर बसली, की लेप होतो आणि चामड्याची छिद्रं बुजतात.

दुसरं कारण आमचं कोकण. चार महिने इथे हवेत पाणीच असतं. बंद पिशवीतल्या चामड्यावर पांढरी बुरशी न आली तरच नवल. भाच्याने ती पाहिली आणि चपलेला लावतो तसं खोबरेल चोळलं. बुरशी दिसेनाशी झाली, पण मूठ साबणासारखी झाली. बूट पॉलिश, मेण, सोफ्याची क्रीम यांचंही तेच. चामडं मऊ राहावं, चमकावं म्हणून ती बनवलेली असतात, हाताने धरायच्या मुठीला ती लावू नयेत.

तिसरं कारण आम्हांला आपल्या हातात सापडलं. अगदी कोरडं बोटसुद्धा घसरतं. बँकेतला कॅशियर नोटा मोजताना बोट ओल्या स्पंजला लावतो ते उगाच नाही. किंचित ओलाव्याने बोटाची कातडी मऊ होते आणि धरलेल्या वस्तूला जास्त चिकटून बसते. ओलावा फार झाला तर मधे पाण्याचा थर येऊन पुन्हा घसरगुंडी. दुल्हाभाईंचा उजवा हात पाहिला, तर कागदासारखा कोरडा होता. वुजूनंतर थोडा वेळ बरा असायचा, मग पुन्हा तसाच.

आता साफसफाई. बुरशी आधी घराबाहेर, कोरड्या टूथब्रशने झाडायची. घरात झाडली तर तीच धूळ दुसऱ्या वस्तूंवर बसते. खोबरेल ओढून घ्यायला आम्ही मुठीवर कॉर्नफ्लोअर भुरभुरलं, जुन्या मलमलीच्या कपड्यात रात्रभर गुंडाळून ठेवलं आणि सकाळी झटकलं. पीठ पिवळट होऊन निघालं. असं दोनदा केलं. मग वाटीभर पाण्यात लहान मुलांच्या शाम्पूचा एक थेंब, त्यात कपडा बुडवून घट्ट पिळला आणि मूठ पुसली. कपडा इतका पिळायचा, की गालाला लावला तर गार लागावा पण गाल ओला होऊ नये. शेवटी साध्या पाण्याच्या तशाच कपड्याने पुसायचं आणि पंख्याखाली दिवसभर ठेवायचं. उन्हात नाही, चुलीजवळ नाही. धुण्याचा सोडा, ब्लीच यांचं नावही काढू नका. कमावलेलं चामडं मुळात किंचित आम्लधर्मी असतं, ही अल्कली त्याला कडक करते, चिरा पाडते. स्पिरिटने मळ झटकन निघतो खरा, पण रंगही निघू शकतो; वापरायचंच असेल तर आधी कोपऱ्यावर थेंबभर लावून बघावं.

कपडा पहिल्यांदाच काळा निघाला. आम्हांला हुरूप आला. मास्तर माणूस, एकदा पुसून समाधान कुठलं? दुसऱ्यांदा पुसताना कपडा नीट पिळलाच नाही. संध्याकाळी पाहतो तर जोडाची एक कड बोटभर उचकटलेली! भाच्याने आमच्याकडे पाहिलं. मामू म्हणून काही बोलला नाही, एवढंच.

एसटी स्टँडजवळ बसणारे मोची आमच्या ओळखीचे. शाळेची दप्तरं त्यांच्याकडेच जातात. त्यांनी क्यू उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, “सर, चामडं पुसायचं असतं, त्याला आंघोळ घालायची नसते.” दोन्ही कडांना काडीने सोल्युशन लावलं आणि गप्पा मारत बसले. आम्ही म्हटलं, चिकटवा की! तर म्हणाले, ओलं सोल्युशन धरत नाही, बोटाला लागेनासं झालं की मगच. दहा मिनिटांनी कड खाली दाबली, वरून रापीच्या पाठीने घोटली. जोड कुठे होता ते आता शोधावं लागतं.

पकडीचा उपायही त्यांनीच सांगितला. चारशे नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने दोन-तीन वेळा फिरवलं, की घोटून बसलेली वरची तकाकी जाते आणि चामड्याची लव किंचित उभी राहते. मग हाताला धरतं. हे खरं आहे. क्यू वापरणारे बरेच जण बारीक घासणीने असंच करतात. मात्र नक्षी उठवलेल्या चामड्यावर हे करू नये, आणि घासलेलं परत येत नाही. आम्ही कागद घेऊन बसलोही. तेवढ्यात भाचा म्हणाला, “मामू, नको. ही चमक अब्बांच्या हाताची आहे.”

मुठीचा वरचा वीतभर भाग बाकीच्या चामड्यापेक्षा गडद आणि तुकतुकीत होता. मळ गेला तरी ती चमक तशीच होती. कुवेतमधल्या किती जुम्यांची ती होती, कोण जाणे. कागद आम्ही खिशात ठेवला.

मोचींकडे असतानाच आम्ही आणखी एक गोष्ट विचारून घेतली, आणि क्यू किंवा कसलीही चामडी वस्तू घेणाऱ्यांनी ती विचारावीच. हे चामडं कशाचं? क्यूच्या मुठीला बहुधा गाय-बैलाचं चामडं असतं, महागड्या क्यूंना घोरपडीसारख्या सरड्यांचंही. मोचींनी भिंगातून पाहून सांगितलं, “डुकराचं नाही.” त्यांची खूण अशी, की डुकराच्या कातड्यावर केसांची छिद्रं तीन-तीनच्या झुबक्यात असतात, त्रिकोणासारखी. वरचा थर तासून टाकलेला नसेल तर ती डोळ्यांनाही दिसतात. मूठ निर्धोक निघाली, पण टोकाचं काय? क्यूच्या टोकाला चेंडूवर आदळणारी जी चामड्याची टिकली असते, तिला टिप म्हणतात. साध्या टिपा एकाच जाड चामड्याच्या असतात. थरावर थर चिकटवून केलेल्या नावाजलेल्या जपानी टिपांपैकी अनेक मात्र डुकराच्या कातड्याच्या असतात. कमावल्याने चामडं पाक होतं, पण डुकराचं होत नाही, हे हनफी आणि शाफई दोन्ही मसलकांत सांगितलेलं आहे. तेव्हा टिप बदलताना दुकानदाराला स्पष्ट विचारावं. गाय-म्हशीच्या चामड्याच्या टिपाही मिळतात, खेळात काही अडत नाही. घरात आधीच असलेल्या वस्तूचं काय करावं, ते आपापल्या इमामसाहेबांना विचारावं. आम्ही फक्त शाळामास्तर आहोत.

मूठ स्वच्छ झाली, कोरडी झाली, आमच्या हाताला छान धरू लागली. दुल्हाभाईंच्या हातातून मात्र तरीही सरकली. पडली नाही, एवढाच फरक.

मग आम्ही गावातल्या स्नूकर क्लबच्या मालकांना भेटलो. क्लब म्हणजे पहिल्या मजल्यावर दोन टेबलं. मालक स्वतः जुने खेळाडू. त्यांनी आम्हांला आमचा प्रश्नच चुकल्याचं दाखवून दिलं. म्हणाले, “सर, क्यू आवळायची नसतेच. बोटांवर ठेवायची असते.” त्यांनी करून दाखवलं. अंगठा आणि पहिली दोन बोटं यांच्यात क्यू नुसती टेकलेली, करंगळी आणि अनामिका सैल, मनगट लोंबतं, कोपरापासून खालचा हात झोपाळ्यासारखा हलतो. क्यू मागे जाताना शेवटची बोटं उघडतात, पुढे येताना आपोआप मिटतात. आवळून धरली तर हाताचे स्नायू ताठ होतात, मागे नेताना क्यूचं टोक वर-खाली होतं आणि चेंडू भलतीकडे जातो. नव्या मुलांची क्यू “घसरते” ती त्यांनी फार आवळल्यामुळे. घाम सुटतो, मग आणखी आवळतात.

आम्हांला शंका आली. सैल धरली तर चेंडूला मार कसा बसणार? त्यांनी सांगितलं ते विज्ञानाच्या तासाला सांगण्यासारखं आहे. पांढरा चेंडू साधारण १७० ग्रॅमचा, क्यू त्याच्या तिपटीहून जड. टिप चेंडूला लागून असते ती सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास. एवढ्यात हाताला काही कळतही नाही. चेंडू निघून गेलेला असतो, धक्का हाताला जाणवतो तो मागाहून. मार बसतो तो क्यूच्या वजनाचा आणि वेगाचा, बोटांच्या जोराचा नाही. डाव फोडण्याचा पहिला जोरदार फटका सोडला तर बाकी खेळाला बोटांची ताकद लागतच नाही.

हे ऐकताना आमच्या डोळ्यांसमोर दुसराच हात होता. बोटं मिटतात, पण जोर नाही.

घरी येऊन हे सांगितलं, तर दुल्हाभाई पहिल्यांदा हसले. म्हणाले, “हे मला सांगताय? ते लोक आम्हांला म्हणायचे, ओला टॉवेल दोरीवर टाकतो तशी बोटं टाकायची.” मग थांबून म्हणाले, “पण आता भीती वाटते पडेल म्हणून. म्हणून दाबायला जातो.” दाबायला जोर नाही, म्हणून अंगठाच तेवढा रेटला जातो आणि अंगठा क्यूला पुढे ढकलतो. घसरत होती ती अशी. चामड्यावर आम्ही आठवडाभर खपलो ते वाया गेलं नाही, पण मुख्य कारण हे होतं.

त्यावर दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे हात पुढे घेतला. अशा क्यूचा तोल साधारणपणे खालच्या टोकापासून दीड फुटाच्या आसपास असतो. हात जितका त्याच्या जवळ, तितकी क्यू हलकी वाटते. मुठीच्या मागच्या टोकाला धरायचं सोडून पुढच्या टोकाला धरलं. फटका आखूड होतो, होऊ दे. सुदैवाने क्यूला पुढून आधार देणारा हात डावा, तो ठणठणीत आहे.

दुसरी म्हणजे टेप. बॅडमिंटनच्या रॅकेटवर गुंडाळतात ती पातळ, किंचित चिकट ओव्हरग्रिप खेळाच्या सामानाच्या कुठल्याही दुकानात मिळते. तिच्या सुरुवातीच्या टोकालाच काय तो गोंद असतो, बाकी ती नुसती ताणावर बसते. त्यामुळे खालचं चामडं खराब होत नाही. एका टेपमध्ये फूटभर मूठ झाकत नाही, वीतभर झाकते. आपल्याला तेवढीच हवी होती. मागून पुढे, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर थोडा चढवत, बेताने ताणून गुंडाळायची आणि शेवटी सोबत मिळणारी चिकटपट्टी लावायची. राळ, डिंक, चिकट फवारे वापरू नयेत. ते हाताला लागतात, हाताचं टेबलाच्या कापडाला लागतं आणि मालक पुन्हा आत घेत नाहीत. पावसाळ्यात टेप दर दोन-तीन आठवड्यांनी सोडून चामड्याला हवा द्यायची, नाहीतर खाली पुन्हा पांढरं साम्राज्य.

आता नकोसं वाटण्याबद्दल. आपाचा प्रश्न सरळ होता. “त्या क्लबात कोण कोण येतं, माहीत आहे का? मुलगा जातो तेच मला पटत नाही, आता बापालाही घेऊन जाणार?” तिचं अगदीच चूक नाही. अशा जागी सिगारेटी असतात, वेळ जातो, आणि मुख्य म्हणजे हरणाऱ्याने टेबलाचं भाडं भरायचं असा सर्रास रिवाज असतो. मुलं त्याला पैज समजत नाहीत, पण हरला तो देणार, जिंकला तो फुकट खेळणार, याला दुसरं काय म्हणायचं? हे आम्ही भाच्याला सांगितलं तेव्हा तो चक्रावला. त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. तोडगा सोपा आहे. भाडं खेळायला सुरुवात करण्याआधीच निम्मं-निम्मं भरायचं, मग कोणी जिंको.

पण खेळालाच लफंग्यांचा खेळ म्हणणं आम्हांला मान्य नाही. स्नूकर जन्मला तो आपल्याच देशात, जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये, १८७५ साली. विल्सन जोन्स हे पुण्यात जन्मलेले. १९५८ साली त्यांनी बिलियर्ड्सचं हौशी जागतिक विजेतेपद मिळवलं, तेव्हा कुठल्याही खेळात जगज्जेता झालेले ते पहिले भारतीय होते. मुंबईच्या यासीन मर्चंट यांनी स्नूकरचं आशियाई विजेतेपद आणलं. आपाने हे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “ते सगळं असू दे. सिगारेटचा धूर यांना चालणार नाही.” यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. मालकांना विचारलं, तर ते म्हणाले, रविवारी जोहरनंतर असरपर्यंत कोणी फिरकत नाही, तेव्हा या. मी खिडक्या उघडून ठेवतो.

पहिल्या रविवारी जिने चढण्यातच दुल्हाभाई दमले. टेबलाला टेकून उभे राहिले, भाचा मागे हात पसरून. क्यू तीनदा हलवली आणि खुर्चीत बसले. त्या दिवशी चेंडूला मारलंच नाही. दुसऱ्या रविवारी पांढरा चेंडू वीतभर सरकला. भाचा टाळ्या वाजवायला गेला, तर असं काही बघितलं त्याच्याकडे, की त्याने हात खिशात घातले. तिसऱ्या रविवारी आपाही आली. पदर नाकाला लावून कोपऱ्यातल्या बाकावर बसली. दुल्हाभाईंनी लाल चेंडू मधल्या खिशाजवळ ठेवायला सांगितला, वाकले, बोटं सैल टाकली. क्यू मागे गेली तेव्हा आमचाच श्वास अडकला. निसटली नाही. चेंडू खिशाच्या कडेला लागून बाहेर आला.

“जवळ होता,” आपा बाकावरून म्हणाली. तिला खेळातलं काही कळत नाही.

दुल्हाभाईंनी पुन्हा लावायला सांगितला. त्या दुपारी वीसएक वेळा मारला असेल. किती गेले ते मोजायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं, पण भाच्याने मोजलेच, पाच गेले. उतरताना काठी डाव्या हातात आणि क्यूची पिशवी उजव्या खांद्यावर, कुणाला घेऊ देईनात.

घरी आल्यावर चहा घेताना म्हणाले, टेप बरी आहे, पण हा रंग कोणी आणला? भाच्याने पिवळीधमक आणली होती. चामडं काळपट तपकिरी, त्यावर ती खरोखरच भयंकर दिसते. पुढच्या जुम्याला बाजारात गेलो की काळी आणायची आहे.